गोव्याबाहेरच्या नामांकित विद्यापीठात प्रवेश: जागा वाटल्या कशा जातात आणि आपण कुठे चुकतो

2025 साली दिल्ली विद्यापीठासारख्या विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी लागणाऱ्या सीयूईटी या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत, वाढवून दिलेले दिवस धरून, 24 मार्चला संपली. गोवा बोर्डाचा बारावीचा निकाल लागला 27 मार्चला. 'निकाल बघू आणि मग बाहेरचे ठरवू' असे म्हणत बसलेल्या घरांना निकाल हाती पडला तेव्हा दिल्ली विद्यापीठाचे दार तीन दिवसांपूर्वीच बंद झाले होते, आणि त्यांतल्या कित्येकांना ते दार मार्चमध्ये उघडते हेच ठाऊक नव्हते. गोव्यात दरवर्षी 17-18 हजार मुले बारावीला बसतात. त्यांतली बाहेर जाऊ पाहणारी मुले थोडी, त्यामुळे शेजारी किंवा नात्यात विचारायला अनुभवी माणूस सापडत नाही आणि अर्धवट ऐकीव माहितीवर अर्ज भरले जातात. गेली काही वर्षे नात्यातल्या आणि गावातल्या मुलांचे अर्ज भरताना शेजारी बसण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की गुण कमी पडल्यामुळे जागा हुकणारी मुले असतात तशीच, गुण पुरेसे असताना नियम न वाचल्यामुळे जागा गमावणारीही असतात. पहिल्या मुलांसाठी या लेखात सांगण्यासारखे फारसे नाही. हा लेख दुसऱ्या मुलांसाठी आहे.

आधी हे पाहावे: जागा कोणासाठी राखलेली आहे

बाहेरच्या राज्यातील संस्था म्हटली की आपण 'परके' ठरणार, अशी एक भीती असते. ती काही ठिकाणी खरी आहे आणि काही ठिकाणी पूर्णपणे खोटी आहे, म्हणून संस्थांचे तीन गट समजून घेतलेले बरे.

पहिल्या गटात विद्यार्थी कोणत्या राज्याचा हे विचारलेच जात नाही. दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ यांसारखी केंद्रीय विद्यापीठे, सर्व आयआयटी आणि पुण्यापासून बरहामपूरपर्यंतच्या सातही आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था, या गटात येतात. डिचोलीच्या मुलीला आणि दिल्लीच्या मुलीला इथे एकच रांग असते. याच नियमाची दुसरी बाजू आपल्याकडे अनेकांना खटकते: 2016 पासून आपल्याच राज्यात चालणाऱ्या आयआयटी गोव्यात गोंयकारांसाठी एकही वेगळी जागा नाही आणि झुआरीनगरच्या बिट्सचा प्रवेशही त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु याच नियमामुळे आपल्या मुलाला मुंबईच्या किंवा चेन्नईच्या आयआयटीत बरोबरीने जाता येते हेही लक्षात ठेवावे.

दुसरा गट एनआयटींचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचा. प्रत्येक एनआयटीत साधारण निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, त्याला गृहराज्य कोटा म्हणतात, आणि उरलेल्या निम्म्या इतर सर्व राज्यांसाठी असतात. म्हणजे सुरतकलच्या एनआयटीत गोव्याचा मुलगा इतर राज्यांच्या निम्म्या जागांवर अख्ख्या देशाशी स्पर्धा करतो, तर कुंकळ्ळीच्या एनआयटी गोव्यात गृहराज्याच्या जागांसाठी त्याची स्पर्धा लहानशा गटाशी असते. तीच शाखा इथे बऱ्याच मागच्या क्रमांकावर मिळू शकते, ती यामुळे.

तिसऱ्या गटातील दार बाहेरच्यांसाठी जेमतेम किलकिले असते. दिल्लीतच असलेल्या गुरु गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठात 85 टक्के जागा दिल्लीच्या उमेदवारांसाठी आहेत; शहर एक, विद्यापीठे दोन आणि नियम उलटे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही राज्यांच्या वाट्याला 85 टक्के आणि अखिल भारतीय वाट्याला 15 टक्के जागा असतात, म्हणून वैद्यकीय शिक्षणासाठी बांबोळीचे आपले गोवा मेडिकल कॉलेज सोडून बाहेरचा हट्ट धरण्याआधी दोनदा विचार करावा. महाराष्ट्राच्या राज्य कोट्याबाबत तर आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. घरात मराठी बोलतो म्हणून प्रवेशाच्या कागदावर आपण महाराष्ट्राचे ठरत नाही. दहावी-बारावी कुठून केली आणि रहिवास कुठला, हे तिथे पाहिले जाते.

बारावीला 95 टक्के आहेत, मग परीक्षा कशाला?

कारण 95 टक्के हा आकडा सगळीकडे एकाच किमतीचा नाही. प्रत्येक बोर्डाचा हात वेगळा असतो, कोणाचा सढळ तर कोणाचा आखडता. दिल्ली विद्यापीठ जेव्हा केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश देत असे तेव्हा 2021 मध्ये हिंदू कॉलेजच्या राज्यशास्त्र ऑनर्सची पहिली कटऑफ 100 टक्क्यांवर गेली होती. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यांची रांग लागली की कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचे साधनच उरत नाही. त्यानंतरच्या वर्षी, 2022 पासून, पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली आणि ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, घेते. 2024 मध्ये तिच्यासाठी 13 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. दिल्ली विद्यापीठाच्या पदवीच्या जागा 70 हजारांच्या आसपास आहेत.

तरीही बारावीचे गुण वाया जात नाहीत. दोन विद्यार्थ्यांचे सीयूईटीचे गुण सारखे झाले तर दिल्ली विद्यापीठ आधी बारावीचे गुण पाहते, आणि लोकप्रिय अभ्यासक्रमांत अशा बरोबऱ्या पुष्कळ होतात. एनआयटीसाठी जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेतला क्रमांक कितीही चांगला असला तरी बारावीला 75 टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये (म्हणजे वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत) स्थान, असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 65 टक्क्यांची आहे.

दोन दिवसांची भजन स्पर्धा आणि एकच निकाल

सीयूईटीच्या गुणपत्रिकेने भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. एका विषयाचा पेपर 50 प्रश्नांचा, वेळ एक तास. बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकलेल्याचा 1 वजा, असे 250 गुण. मुलगी घरी येऊन उत्तरे ताडून 205 गुण मोजते आणि निकालात तिला निराळाच आकडा दिसतो. हे 'नॉर्मलायझेशन'मुळे होते, आणि मराठीत त्याला गुणांचे समतोलन म्हणता येईल.

देवळाच्या मंडपात दोन दिवस भजन स्पर्धा आहे अशी कल्पना करा. पथके इतकी आहेत की एका दिवसात आटोपणे शक्य नाही, आणि दोन्ही दिवसांचे परीक्षक वेगळे आहेत. पहिल्या दिवसाचे परीक्षक कडक, त्यांच्या सर्वोत्तम पथकाला 78 गुण मिळाले. दुसऱ्या दिवसाचे परीक्षक उदार, तिथे पाचव्या पथकालाही 80 मिळाले. आता नुसते आकडे ताडले तर पहिल्या दिवशीचे सर्वोत्तम पथक दुसऱ्या दिवशीच्या पाचव्याच्या खाली जाईल, आणि असा निकाल लावला तर मंडपात काय होईल हे सांगायला नको. मग शहाणी समिती काय करते? प्रत्येक पथक आपापल्या दिवशी कितवे आले हे पाहते आणि त्या स्थानावरून दोन्ही दिवसांना एका पट्टीवर आणते. एकाच विषयाचा पेपर अनेक सत्रांत होतो तेव्हा एनटीए हेच करते. आपल्या सत्रातील शंभरातले किती जण आपल्या बरोबरीने किंवा मागे राहिले हा आकडा म्हणजे पर्सेंटाइल, आणि त्यावरून पुन्हा गुण ठरवले जातात. म्हणून 96 पर्सेंटाइल म्हणजे 96 टक्के नव्हेत, आणि 'माझा पेपर अवघड आला, माझे नशीबच फुटके' ही तक्रारही बहुतांशी निरर्थक आहे; पेपर अवघड होता तर तो त्या सत्रातील सगळ्यांनाच अवघड होता.

यातून तयारीपुरती एक व्यवहारी गोष्ट निघते. प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. आपल्या उच्च माध्यमिकातील नोट्स आणि एनसीईआरटीचे पुस्तक समोरासमोर ठेवून कुठला धडा आपल्याकडे झालेलाच नाही हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पाहून घ्यावे. याला क्लासची फी लागत नाही, एक रविवार लागतो.

चार पेपर, जे अकरावीतच ठरलेले असतात

सीयूईटीत जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, आणि दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक ऑनर्स अभ्यासक्रमांसाठी एक भाषा आणि तीन विषय असे चार पेपर मोजले जातात. 250 चा एक याप्रमाणे ही गुणवत्ता 1000 पैकी ठरते. कोणते चार, हे अभ्यासक्रमागणिक वेगळे असते आणि इथेच सर्वांत जास्त पडझड होते.

अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताचा पेपर लागतोच. बीकॉम ऑनर्सला गणित किंवा अकाउंटन्सी यांपैकी एक लागतो. बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीसाठी भाषा, गणित आणि सामान्य अभियोग्यता चाचणी असा वेगळाच संच आहे. शिवाय दिल्ली विद्यापीठाचा नियम असा, की जे विषय बारावीला घेतले तेच सीयूईटीत द्यावेत. आता आपल्याकडील वाणिज्य शाखेचे चित्र पाहा: अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी गणित जड जाईल म्हणून सोडून सेक्रेटरियल प्रॅक्टिस किंवा बँकिंग घेणारी मुले कमी नाहीत, आणि हे दोन्ही विषय 2025 च्या सीयूईटीतील 23 विषयांच्या यादीत त्या नावाने नाहीत. म्हणजे सोळाव्या वर्षी, काउंटरवर फॉर्म भरताना पाच मिनिटांत घेतलेल्या निर्णयाने अर्थशास्त्राचे दार बंद झालेले असते आणि ते कळते दोन वर्षांनी. विज्ञानाच्या मुलांना मात्र याच नियमात एक सुखद सवलत दडलेली आहे. राज्यशास्त्र किंवा इतिहास ऑनर्सला भाषा आणि यादीतले कोणतेही तीन विषय चालतात. त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या पेपरांवर एखादा विद्यार्थी इतिहासाकडे वळू शकतो.

भाषेच्या पेपरचा विचार गोव्यात तर अधिकच करायला हवा. पहिल्या वर्षी, 2022 मध्ये, सीयूईटीच्या भाषांत कोंकणी होती. 2025 मध्ये भाषांची संख्या 13 वर आणली गेली आणि कोंकणी त्यातून गेली. बारावीला कोंकणी घेतलेल्या मुलांना आता दुसरी भाषा निवडावी लागते. मराठी त्या 13 मध्ये आहे. सगळे घेतात म्हणून इंग्रजी घेण्याची पद्धत पडली आहे, परंतु मराठी शाळेतून आलेल्या आणि वाचनाची सवय असलेल्या मुलाने दोन्ही भाषांचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवून पाहावेत आणि मग ठरवावे. हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला विशिष्ट भाषेची अट नाही ना, हेही आधी पाहावे. इंग्रजी ऑनर्ससाठी इंग्रजीच लागते.

पसंतीक्रम: म्हापशाच्या बाजारात पाठवलेला माणूस

गुण आले, आता वाटप. दिल्ली विद्यापीठात विद्यार्थी अभ्यासक्रम आणि कॉलेज यांच्या जोड्या क्रमाने लिहितो, म्हणजे 'मिरांडा हाऊस, इतिहास' ही एक पसंती आणि 'मिरांडा हाऊस, राज्यशास्त्र' ही दुसरी. आयआयटी आणि एनआयटीच्या जागा ज्या 'जोसा' प्रक्रियेतून वाटल्या जातात तिथेही पद्धत याच जातीची आहे. ही यादी कशी लिहावी यावर जितके चुकीचे सल्ले दिले जातात तितके दुसऱ्या कशावरही दिले जात नसतील, म्हणून इथे थोडे थांबू.

समजा, तुम्ही गड्याला यादी देऊन म्हापशाच्या मासळी बाजारात पाठवले: 'आधी इसवण बघ, नसेल तर चणक, तीही नसेल तर सुंगटे, काहीच नसेल तर बांगडे आण.' बाजारात एकच विक्रेती आहे आणि तिच्यासमोरची रांग गुणांप्रमाणे लागलेली आहे. तुमच्या माणसाची पाळी आली की ती त्याच्या हातातली यादी वरून खाली वाचत जाते आणि पाटीत शिल्लक असलेले पहिले मासे त्याला देते. त्याने पहिल्या ओळीवर इसवण लिहिली म्हणून त्याचा रांगेतला क्रमांक मागे जात नाही, आणि बांगडे चौथ्या ओळीवर लिहिले म्हणून 'तुला बांगड्यांची फारशी ओढ दिसत नाही' असे म्हणून ती ते दुसऱ्याला देत नाही. हातातली यादी कशी आहे याचा रांगेशी संबंधच नाही.

एवढे पटले की दोन निष्कर्ष आपोआप निघतात. पहिला असा, की यादी खरोखरच्या आवडीप्रमाणे लिहावी. 'तिथे मिळणार नाही, मग वर कशाला लिहायचे' हा विचार सोडून द्यावा, कारण बांगडे वर लिहिले तर पाटीत इसवण शिल्लक असतानाही हातात बांगडेच पडतील. दुसरा असा, की यादी लांब असावी. चारच मासे लिहिले आणि चारही संपले तर माणूस रिकाम्या पिशवीने परत येतो, त्याच्या मागे उभे असलेले तारले घेऊन घरी जातात.

माझ्या भाचीने डिचोलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे पहिली यादी केली होती. अकरा ओळींची. पहिल्या ओळीवर मिरांडा हाऊस आणि इतिहास असे लिहून ते खोडले होते, कारण कोणीतरी तिला सांगितले होते की पहिली पसंती 'फुकट घालवली' तर पुढच्या फेऱ्यांत नाव मागे जाते. हे साफ खोटे आहे. आम्ही ती ओळ पुन्हा लिहिली आणि मग तीन संध्याकाळी बसून यादी चौसष्ट ओळींपर्यंत नेली. प्रत्येक ओळीला मी तिला एकच विचारत होतो: 'ही जागा मिळाली तर जाशील का, की गोव्यातल्या कॉलेजात राहशील?' ज्या ओळीपाशी ती 'राहीन' म्हणाली तिथे यादी थांबवली. पहिल्या फेरीत तिला तेविसाव्या क्रमांकाची जागा मिळाली आणि दुसऱ्या फेरीत नवव्या. मिरांडा हाऊस मिळाले नाही, आणि ते वर लिहिल्यामुळे काही बिघडलेही नाही.

फेऱ्या, आणि 'अपग्रेड'ची भीती

पहिल्या फेरीत जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत ती स्वीकारावी लागते. 'पुढच्या फेरीत चांगली मिळेल, तोवर ही नको' म्हणून स्वीकार न करणारा विद्यार्थी दिल्ली विद्यापीठाच्या वाटपातून बाहेरच पडतो. त्यामुळे आधी स्वीकारायचे, शुल्क भरायचे आणि मग दोनपैकी एक निवडायचे. 'फ्रीझ' म्हणजे मला हीच हवी; 'अपग्रेड' म्हणजे यादीत याच्या वरचे काही मोकळे झाले तर ते द्या, नाहीतर हीच राहू द्या. जोसामध्ये आणखी एक बारकावा आहे: 'स्लाइड' म्हणजे याच संस्थेत वरची शाखा चालेल, 'फ्लोट' म्हणजे वरची कोणतीही संस्था चालेल.

अपग्रेड मागितल्यास हातची जागा जाईल, ही भीती अर्धी खरी आहे. ती जाते, परंतु तेव्हाच, जेव्हा तुम्हीच वर लिहिलेली जागा मिळते. एकदा वरची मिळाली की खालची परत मागता येत नाही. यादी मन लावून लिहिली नसेल तर मात्र हे महागात पडते, कारण सातव्या ओळीवर सहज लिहिलेला अभ्यासक्रम खरोखर मिळतो आणि हातातला आवडता निघून जातो.

गेल्या वर्षीचे कटऑफ पाहावेत का? पाहावेत, कारण प्रत्येक फेरीचे किमान गुण विद्यापीठ प्रसिद्ध करते. पण ते यादीची लांबी ठरवण्यासाठी पाहावेत, क्रम ठरवण्यासाठी नव्हे.

जातीचा दाखला आहेच की!

आहे, पण कोणत्या यादीप्रमाणे? राज्याची ओबीसी यादी आणि केंद्राची ओबीसी यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. गोव्यातील महाविद्यालयात चाललेला दाखला केंद्रीय संस्थेत चालेलच असे नाही. जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. तारखेचीही अट असते, म्हणजे दाखला साधारणपणे त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला लागतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकणारा आणि जुलैत धावाधाव करणारा यांच्यात फरक पडतो तो इथे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या 10 टक्के जागांसाठीचा दाखलाही असाच ताजा लागतो.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. केंद्रीय संस्थांत जमातींसाठी 7.5 टक्के जागा असतात, आणि काणकोण, केपे, सांगे या भागांतील किती घरांपर्यंत ही गोष्ट पोचली आहे याबद्दल मला शंका आहे. मुलाच्या बारावीच्या शिक्षकांनी वर्गात पाच मिनिटे काढून हे सांगितले तरी पुष्कळ होईल.

दाखल्यांबरोबर नावांचे पाहावे. आपल्याकडे प्रभुदेसाई जन्मदाखल्यावर एक शब्द असतो, आधारवर दोन, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर मधले एक अक्षर गायब असते. पोर्टलवर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव भरावे आणि बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळवून घेण्याचे काम बारावीच्या दिवाळीच्या सुटीत उरकावे.

गाणे, नाटक किंवा खेळ यांत खरी कामगिरी असलेल्यांसाठी दिल्ली विद्यापीठात जादा जागा असतात, एकूण 5 टक्क्यांपर्यंत. तिथे सीयूईटीच्या गुणांसोबत प्रमाणपत्रे आणि प्रत्यक्ष चाचणी पाहिली जाते. गावच्या चवथीतल्या आरती स्पर्धेचे प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडणार नाही; राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्याने मात्र हा रस्ता नक्की पाहावा.

कोट्याला पाठवले तर शक्यता वाढते का?

राजस्थानातील कोटा शहर आणि प्रवेशाचा कोटा यांची इथे मोठी गंमत होते. एनआयटीसाठी गृहराज्य कोणते हे जन्मगावावरून किंवा वडिलांच्या रहिवासावरून ठरत नाही. बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण केली ते गृहराज्य. मुलाला अकरावीपासून कोट्याला नेले आणि तिथल्या शाळेतून बारावीला बसवले, तर कागदावर तो राजस्थानचा होतो. मग त्याचा गृहराज्याचा हक्क कुंकळ्ळीहून उठून जयपूरच्या एनआयटीत जातो, जिथे त्याच निम्म्या जागांसाठी राजस्थानातील मुलांची प्रचंड गर्दी असते. लाखभर रुपये मोजून कोट्याला जायचे आणि कोटाच गमवायचा, असा हा व्यवहार आहे. आयआयटीला याचा फटका बसत नाही, पण आयआयटीची तयारी करणाऱ्यांतील बहुसंख्य मुले अखेर एनआयटीच्याच यादीत जागा शोधतात. क्लास लावायचाच असेल तर बारावी गोव्यातूनच करून लावावा.

निबंध मागणारी विद्यापीठे

सोनीपतचे अशोका, बेंगळुरूचे अझीम प्रेमजी, पुण्याचे फ्लेम अशा खासगी विद्यापीठांची रीत वेगळी आहे. तिथे चाचणी असतेच, पण अर्जातील लेखन आणि मुलाखत यांनाही वजन असते. तिथे मासळीची रांग लागत नाही. इथे माणूस माणसाला निवडतो, त्यामुळे इथल्या लेखनात माणूस दिसावा लागतो.

धारबांदोड्याच्या एका मुलाने मला दाखवलेल्या मसुद्याची सुरुवात 'मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा आहे' अशी होती. मी त्याला विचारले की तुझ्या दारात काय दिसते? तो म्हणाला, 'ट्रक.' 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहायला वडिलांनी कर्ज काढून घेतलेला टिप्पर तेव्हापासून माडाखाली उभा होता आणि त्याच्या हौद्यात पावसाळ्यात बेडूक व्हायचे. आठवीत असताना त्याने वडिलांच्या कर्जाच्या हप्त्यांची वही स्वतः लिहायला घेतली होती. अर्थशास्त्र का शिकायचे आहे याचे उत्तर त्या वहीत होते, आणि ते त्याने मसुद्यात कुठेच लिहिलेले नव्हते, कारण त्याला ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. दुसऱ्याकडून किंवा संगणकाकडून लिहून घेतलेला निबंध मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. टिप्परबद्दल कितीही प्रश्न विचारले असते तरी तो मुलगा अडखळला नसता.

या विद्यापीठांचे शुल्क मोठे असते. उत्पन्नाप्रमाणे सवलत मिळते का, हे अर्जाच्या वेळीच विचारावे, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजरहित शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिचे नियमही त्याच सुमारास वाचून ठेवावेत. आणि पैसे घेऊन केंद्रीय विद्यापीठात जागा मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. तिथे व्यवस्थापन कोटा नावाची चीजच नाही.

इथली जागा सोडायची की धरून ठेवायची?

धरून ठेवायची. गोव्यातली महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात, दिल्लीचे वाटप जुलैत चालते, आणि अधल्यामधल्या काळात मूल घरी रिकामे बसणे बरे नव्हे. इथे प्रवेश घेऊन वर्गाला जावे. भरलेल्या शुल्काची चिंता असते, पण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत देण्याचे सांगितले होते. त्या त्या वर्षाचे परिपत्रक कार्यालयात दाखवायला मोबाइलमध्ये ठेवावे, कारण काउंटरवरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवून घ्यायला देऊ नयेत.

वसतिगृहासाठी बहुतेक कॉलेजांत वेगळा अर्ज असतो आणि खोल्या थोड्या असतात, म्हणून जागा मिळाल्याच्या दिवशीच त्या कॉलेजचे संकेतस्थळ उघडावे. 2025 मध्ये दिल्ली विद्यापीठाची पहिली यादी 19 जुलैला लागली आणि वर्ग 1 ऑगस्टला सुरू झाले, म्हणजे सामान बांधायला दोन आठवडेही नव्हते. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते. वास्कोहून सुटणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला पोचायला दोन रात्री लागतात. निकालाची वाट न पाहता जुलैअखेरचे तिकीट आधीच काढून ठेवावे. रद्द केले तर थोडे पैसे जातात. त्या वर्षी चवथ 27 ऑगस्टला होती आणि तिच्या आदल्या आठवड्यातल्या परतीच्या गाड्यांचे आरक्षण पहिली यादी लागण्याआधी तीन-चार आठवडे खुले झालेले होते. भाचीच्या वेळी जायचे तिकीट आम्ही काढले, यायचे काढायचे राहिले, आणि ती चवथीला तत्काळच्या तिकिटावर, मडगावला पहाटे, अर्धी झोप बसून काढत उतरली.